गाव निवडणारी माणसं

भाचीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जाडसर पुस्तिका पडली होती. कोकणात एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढल्यामुळे जमाखर्चाचे आकडे दिसले की माझे डोळे तिकडे जातातच. तिच्या गावाचा तो वार्षिक अहवाल होता. गाव न्यू हॅम्पशायरमधलं, हजारबाराशे वस्तीचं. रस्त्यावरचा बर्फ काढायला किती खर्च झाला, अग्निशमनाच्या गाडीवर किती, वाचनालयावर किती, सगळं डॉलरपर्यंत छापलेलं. शेवटच्या पानांवर वर्षभरात जन्मलेल्यांची, लग्न झालेल्यांची आणि वारलेल्यांची नावं. मध्ये मार्चच्या गावसभेपुढे यायचे ठराव, क्रमांक घालून.

“एवढं मन लावून काय वाचताय मामा?” चहा ठेवत तिनं विचारलं.

“तुमचा नमुना आठ शोधतोय. घरपट्टी फार दिसते गं.”

“आहेच. इथे पगारावर राज्याचा आयकर नाही, विक्रीकर नाही. व्याज आणि लाभांशावर होता तोही २०२५ पासून गेला. मग शाळा, रस्ते सगळं घरपट्टीवर. मला ते आवडतं. पैसा गावात गोळा होतो, गावात खर्च होतो, आणि किती गोळा करायचा ते गावच हात वर करून ठरवतं.”

ती इथे आली त्याचं कारण मला ऐकून माहीत होतं, पण समोर बसून कधी बोललो नव्हतो. बोस्टनजवळ चांगली नोकरी, ओळखीची मराठी घरं, गणपती, दिवाळी अंक, सगळं सोडून ती नवऱ्याला आणि लहान मुलीला घेऊन या डोंगराळ, थंड गावात आली. हवा आवडली म्हणून नव्हे. आपल्या विचारांची माणसं इथे जमताहेत म्हणून.

“मला नीट सांग,” मी म्हटलं. “विचार पटतो म्हणून माणूस पक्षात जातो, सभेला जातो, वर्गणी देतो. घर बदलतो, हे मला उमगत नाही.”

“येलमध्ये पीएचडी करणाऱ्या जेसन सोरेन्स नावाच्या एका विद्यार्थ्यानं २००१ मध्ये नेमकं हेच लिहिलं, मामा. सरकारनं माणसाच्या आयुष्यात कमीत कमी हात घालावा असं मानणारे, म्हणजे स्वतंत्रतावादी लोक अमेरिकेत आहेत, पण पन्नास राज्यांत विखुरलेले. प्रत्येक ठिकाणी दोनचार टक्के. प्रत्येक निवडणुकीत हरायचं, पुढच्या निवडणुकीत पुन्हा हरायचं. त्यानं विचारलं, हेच वीस हजार लोक एका लहान राज्यात राहायला गेले तर? दहा लहान राज्यं काढली, सभासदांनी मतदान केलं आणि २००३ मध्ये न्यू हॅम्पशायर ठरलं. वायोमिंग मागे पडलं. त्या वेळच्या इथल्या गव्हर्नरनं तर या लोकांना ‘या’ म्हणून बोलावलं. वीस हजारावी सही २०१६ च्या फेब्रुवारीत झाली. पाच वर्षांत राहायला येऊ, असा शब्द होता.”

“आले किती?”

“शब्द दिला त्याहून खूप कमी. काही हजार.” तिनं हे लपवलं नाही, मला बरं वाटलं. “पण काही हजारसुद्धा इथे पुरतात. राज्याची लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास, आणि विधानसभेत किती आमदार माहीत आहे? चारशे.”

मी मनात भागाकार केला. आमदारामागे जेमतेम साडेतीन हजार माणसं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वाअकरा कोटी लोक आणि २८८ आमदार, म्हणजे एकेकाच्या मागे जवळपास तीन लाख नव्वद हजार. तिच्या राज्यात आमदाराचं मानधन वर्षाला शंभर डॉलर. त्यात कोणाचं घर चालत नाही, म्हणून निवृत्त माणसं, दुकानदार, गृहिणी आमदार होतात. कॉनकॉर्डच्या ज्या सभागृहात १८१९ पासून बसतात तिथेच आजही बसतात.

“म्हणजे दार लहान होतं, म्हणून तुम्ही ते निवडलंत,” मी म्हटलं.

“दार उघडं होतं म्हणून. मामा, मी या देशात अकरा वर्षं व्हिसावर काढली. नोकरी बदलायची तर कागद, आईला भेटायला यायचं तर परत येताना कागद. आजोबा गेले तेव्हा मी येऊ शकले नाही, तुम्हाला आठवतंय. माझं काही चुकलं नव्हतं. एका टेबलावर एक फाइल पडून होती, एवढंच. परवानगीवर जगणं म्हणजे काय ते मला कोणत्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नागरिकत्व मिळालं त्या दिवशी मी ठरवलं, जिथे परवानग्या सगळ्यांत कमी लागतात तिथे राहायचं.”

यावर मी थोडा वेळ गप्प राहिलो. तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अग्नी मीच दिला होता आणि फोनवर तिचं रडणं मीच ऐकलं होतं. ज्याला हा विषय नुसता कराचा आणि हट्टाचा वाटतो, त्यानं अशा एका तरी माणसाशी बोलावं.

तरी माझी शंका गेली नव्हती. “परवानगी नको, हे कळलं. पण तू ज्या गावात आलीस तिथली माणसं आधीपासून राहतात. त्यांनी तुला निवडलं नाही. तू त्यांना निवडलंस, तेही त्यांच्याकडे बघून नव्हे, त्यांची संख्या बघून. ग्राफ्टनला काय झालं?”

“तुम्हालापण अस्वलांची गोष्ट माहीत आहे!”

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. ग्राफ्टन हे याच राज्यातलं छोटं गाव. २००४ च्या सुमारास यातलाच एक गट ते गाव स्वतंत्रतावाद्यांनी भरायचं म्हणून तिथे गेला आणि गावचा खर्च जमेल तिथे कापत सुटला. पुढे तिथे अस्वलांचा उपद्रव वाढला, २०१२ मध्ये एका बाईवर हल्ला झाला. त्यावर मॅथ्यू हॉन्गोल्ट्झ-हेटलिंग या पत्रकारानं २०२० मध्ये पुस्तक लिहिलं आणि जगभर तीच गोष्ट पोचली. मला ती या विषयातली मुख्य गोष्ट वाटत नाही. अस्वल कोणाचं मत विचारत नाही. मला विचारायचं होतं ते माणसांबद्दल.

“अस्वलं राहू दे,” मी म्हटलं. “तिथल्या जुन्या लोकांनी भरसभेत येऊन सांगितलं होतं ना, की आम्हाला तुमची प्रयोगशाळा व्हायचं नाही?”

“सांगितलं. ग्राफ्टनला आमची चूक झाली. गाव ‘घ्यायला’ निघालो, हा शब्दच वाईट. पण मामा, चुकीच्या पद्धतीनं गेलं म्हणून जाणंच चूक ठरत नाही. तुम्हीच मला लहानपणी बाबासाहेबांची भाषणं वाचून दाखवायचात. गाव सोडा, हे त्यांनीच सांगितलं ना? नुसतं शहरात जा असं नव्हे. स्वतंत्र वसाहती मागितल्या त्यांनी.”

हा मुद्दा ती काढेल असं मला वाटलं नव्हतं. १९४२ च्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तिथे अस्पृश्यांच्या वेगळ्या गावांचा ठराव झाला. पुढे १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोगाचीच मागणी केली. पडीक सरकारी जमिनीवर दलितांची स्वतंत्र गावं वसवा, म्हणाले. कारण साधं आणि भयंकर होतं. गावात अल्पसंख्य, भूमिहीन, पोटासाठी गावावरच अवलंबून असलेल्या माणसाला कायद्यानं कितीही हक्क दिले तरी गाव ते वापरू देत नाही. हक्क बजावला की बहिष्कार. पाणी बंद, काम बंद, दुकान बंद. मी नोकरीला लागलो तेव्हा वाड्यांची नावं जातीवरूनच होती आणि नळ शेवटी कोणत्या वाडीत पोचायचा ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

“बरोबर आहे,” मी सावकाश म्हटलं. “पण बघ. त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं. ज्याला गाव माणूस मानत नाही, त्यानं आपलं गाव मागणं हा त्याचा हक्क आहे. शिवाय त्यांनी मागितली ती पडीक जमीन. दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन तिथलं बहुमत फिरवा, असं ते म्हणाले नाहीत. तुला बोस्टनला कोणी विहिरीवरून हाकललं नव्हतं.”

“नव्हतं हाकललं. ती तुलना मी करणारही नाही. मी एवढंच म्हणते, माणसाच्या हक्काला संख्या लागते, आणि संख्या एका जागी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. विखुरलेला माणूस कायम विनवणी करत राहतो. त्याला कोणी वाईट वागवायलाच हवं असं नाही. त्याचं कोणी ऐकत नाही, एवढंही पुरतं.”

तिचं म्हणणं खोडायला मला शब्द सापडले नाहीत. मी दुसरीकडून आलो.

“बरं, जमली संख्या. पुढे? या तुमच्या शेजारच्या मॅसॅच्युसेट्सलाच बघ. इंग्लंडमध्ये आपल्या पद्धतीनं देव भजू देत नाहीत म्हणून प्युरिटन समुद्र ओलांडून आले. समविचारी माणसं, एकत्र येऊन, स्वातंत्र्यासाठी. आणि काही वर्षांतच रॉजर विल्यम्सला त्यांनी हद्दपार केलं, त्याचं मत वेगळं म्हणून. तो १६३६ मध्ये खाली जाऊन प्रॉव्हिडन्स वसवतो. मग ॲन हचिन्सनला १६३८ मध्ये घालवलं. वस्ती स्वातंत्र्यासाठी होती, पण एकाच मताच्या स्वातंत्र्यासाठी. तुमच्यात वेगळं बोलणाऱ्याचं काय होणार? आणि समविचारी माणसांना मुलं होतात. ती समविचारी निघतीलच असं कुठं आहे?”

माझी नात आतल्या खोलीत ठोकळे रचत होती. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं.

“ती नाही निघणार,” भाची म्हणाली. “मी तुमच्यासारखी कुठे निघाले? पण प्युरिटनांच्या हाती हद्दपार करायची सत्ता होती. आम्हाला ती सत्ताच कोणाच्या हाती नको आहे, आमच्यासुद्धा नको. २०२२ मध्ये राज्यानं अमेरिकेतून फुटून निघावं असा ठराव विधानसभेत आला. ३२३ विरुद्ध १३ मतांनी पडला. आमचे म्हणवणारे कितीतरी आमदार त्या ३२३ मध्ये होते. इथे एका साच्याची माणसं नाहीत, मामा. आणि इथल्या मातीतच ते आहे. गाडीच्या पाट्यांवर तुम्ही वाचलंत ना, ‘स्वतंत्र जगा नाहीतर मरा’? ते आम्ही नाही आणलं. जनरल जॉन स्टार्कचे शब्द आहेत १८०९ चे, राज्यानं १९४५ मध्ये ब्रीद म्हणून घेतले. मोठ्या माणसानं गाडीत पट्टा लावलाच पाहिजे असा कायदा नसलेलं हे एकमेव राज्य. आम्ही यायच्या आधीपासून.”

“आणि दारू मात्र सरकार विकतं,” मी म्हटलं. येताना महामार्गावर ते मोठं सरकारी दुकान मी पाहिलं होतं.

“हो. तेही आमच्या आधीपासून.” ती हसली. “सगळं आमच्या मनासारखं असतं तर यायची गरजच नव्हती.”

मग मी क्रॉयडनचं नाव काढलं. तिच्या गावापासून फार लांब नाही. या सगळ्या विषयात मला सगळ्यांत जास्त बोलायचं होतं ते या एका गावाबद्दल, कारण तिथे घडलेलं मला माझ्या नोकरीच्या भाषेत कळतं.

क्रॉयडनची वस्ती आठशेच्या आसपास. गावात चौथीपर्यंतची छोटी शाळा, पुढची मुलं आजूबाजूच्या गावांतल्या शाळांत जातात, त्यांची फी गाव भरतं. २०२२ च्या मार्चमध्ये बर्फ पडत असताना गावसभा भरली. शाळेचं अंदाजपत्रक सतरा लाख डॉलरचं होतं. एका सिलेक्टमननं, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायत सदस्यासारख्या माणसानं, उभं राहून उपसूचना मांडली, आठ लाख करा. तो याच चळवळीतून तिथे राहायला आलेला. मतं पडली, वीस विरुद्ध चौदा. चौतीस माणसांच्या सभेनं गावच्या शाळेचा निम्म्याहून जास्त पैसा कापला. पुढच्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांना फीचा मोठा भाग खिशातून भरावा लागला असता.

“हे बघ,” मी म्हटलं, “ठराव नियमात होता. सभेची नोटीस होती, सभा रीतसर भरली होती. प्रोसिडिंगमध्ये खोट काढता आली नसती. आणि तरी तो गावाचा ठराव नव्हता. जे घरी बसले त्यांच्या गैरहजेरीचा तो ठराव होता. तुमच्या स्वातंत्र्याला दुसऱ्याची झोप लागते का?”

भाचीचा आवाज थोडा वर गेला. “मला त्या दिवशी लाज वाटली, मामा. मी तिथे असते तर विरुद्ध मत दिलं असतं. शाळा कशी असावी यावर माझे विचार त्या माणसाच्या जवळचे आहेत. पण भरल्या घरातून असं न सांगता काही उचलून न्यायचं नसतं. पुढचं सांगा ना. अर्धीच गोष्ट का सांगता?”

पुढचं असं. गाव जागं झालं. विशेष सभा बोलवायची तर ती ग्राह्य धरायला निम्मे नोंदणीकृत मतदार हजर हवे होते, म्हणजे २८३. माणसं दारोदार फिरली, फोन केले, पाट्या लावल्या. ज्यांची आपसांत कधी भेट नव्हती ते डावे-उजवे एकत्र बसले. ७ मे २०२२ ला सभा भरली. ३७७ विरुद्ध २. अंदाजपत्रक पूर्ववत झालं.

“या आकड्यांकडे बघा,” ती म्हणाली. “तीनशे सत्त्याहत्तर. राजधानीतून कोणी आलं नाही, कोर्टानं काही केलं नाही. गावानं आपली चूक आपण दुरुस्त केली, दोन महिन्यांच्या आत. मी याच्यासाठी इथे आले. कर कमी म्हणून मी आले असं लोकांना वाटतं. पण शेजाऱ्यांनी मला हरवावं आणि मला त्यांची नावं माहीत असावीत, यासाठी आले मी.”

“पण ते जागे झाले ते तुमच्या धक्क्यामुळे. शंभरातल्या नव्व्याण्णव गावांत लोक जागे होत नाहीत.”

“मग तो दोष धक्का देणाऱ्याचा, की झोपणाऱ्याचा?”

“दोघांचा,” मी म्हटलं. “आणि तुम्ही जिथून उठून आलात तिथलं काय? कोकणातून बोलणारी, भांडणारी माणसं मुंबईला गेली. चाकरमानी झाली. गणपतीला येतात, देवळाच्या ओट्यावर बसून गावानं काय करावं ते सांगतात आणि अनंत चतुर्दशीच्या आधी परततात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांच्याकडे जायला भाडं नाही ते. ज्याला बोलता येतं तोच निघून गेला की मागच्यांचा आवाज जातो. मेंढा लेखाची माणसं कुठे गेली नाहीत, बघ. गडचिरोलीतलं शंभरएक घरांचं गोंड गाव. आमच्या गावात आम्हीच सरकार, म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. प्रत्येक निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं, मतदान नाहीच. २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू विकायला वनखातं पास देईना, तर २०११ मध्ये केंद्राचा मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री गावात येऊन वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. स्वातंत्र्य पायाखालच्या जमिनीतून काढलं त्यांनी.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मेंढ्याला जायला मला आवडेल. खरंच. पण त्यांचं गाव मुळात एका मनाचं होतं, मामा. जे मन त्यांना वारशानं मिळालं ते मला शोधत यावं लागलं. वारशानं मिळालेलं तेवढं खरं आणि शोधून मिळवलेलं खोटं, असं कसं?”

एका मनाचं नव्हतं, ते मन त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवून, रात्र रात्र बोलून घडवलं, हे मी तिला सांगितलं. तिनं ते मान्य केलं. पण तिचा प्रश्न त्यानं मिटला नाही. मिटेल असा तो प्रश्न नाही आणि मला अजून त्याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही. घर सोडून वारीला निघालेल्या माणसाला कोणी विचारत नाही की देव घरात नव्हता का.

बाहेर अंधार पडला होता. बर्फ काढायची गाडी पिवळा दिवा फिरवत रस्त्यानं गेली. अहवालात तिचाही खर्च होता.

“एक विचारू?” ती म्हणाली. “क्रॉयडनला चौतीस माणसं होती म्हणून तुम्ही इतके कळवळलात. तुमच्या ग्रामसभेला किती यायची?”

मला हे विचारलं जाईल याची मी सबंध संध्याकाळ वाट बघत होतो असं आता वाटतं.

“नियमानं पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे लागतात,” मी म्हटलं. “कोरम झाला नाही की सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही.”

“नियम नाही विचारला मामा.”

“वीस. पंचवीस. पंधरा ऑगस्टला झेंड्याला आलेली मुलं धरली तर जास्त.” मी पुस्तिका मिटली. “एका वर्षी वरून फार तगादा होता, तेव्हा रजिस्टर घेऊन शिपाई घरोघर गेला. सह्या झाल्या, अंगठे झाले. शंभरच्या वर भरले. त्या प्रोसिडिंगखाली माझी सही आहे. पाण्याच्या टाकीचा ठराव होता त्यात.”

“मग?”

“टाकी वरच्या वाडीत झाली. उतार बरोबर आहे म्हणाले. खालच्या वाडीत पाणी पोचायचं, पण दाब नसायचा. त्या बायका आणखी सहा वर्षं डोक्यावरून पाणी आणत होत्या. सह्या त्यांच्याही होत्या रजिस्टरमध्ये.”

“त्या सभेला आल्या असत्या तर?”

“टाकी तिथे झाली नसती.” हे मी आजवर कोणाला म्हटलं नव्हतं. “खालच्या वाडीत मतं जास्त होती.”

तिनं चष्मा माझ्याकडे सरकवला. मग पुस्तिका पुन्हा उघडून ठरावांच्या पानावर बोट ठेवलं. “हा अकरावा. अग्निशमनाच्या नव्या गाडीसाठी निधी. मी विरुद्ध बोलणार आहे, समोरच्या घरातली आजी बाजूनं. तिचे मुद्दे मला माहीत आहेत. ती उद्या चहाला येणार आहे, तुम्ही तिला विचारा. पण आधी आकडे बघा आणि मला सांगा, मी कुठे चुकतेय.”

मी चष्मा लावला.